शिवलं तर दोन सेकंद

माहूलच्या धक्क्यावर, माझ्या शेडमध्ये
तो होडी खांद्यावर टाकून आला तेव्हा
मला वाटलं, कुणाचा तरी बाथटब फुटलाय.
साडेतीन मीटर, वजन पोरीच्या दप्तराएवढं,
तळाला हातभर चीर.
म्हणाला, कार्बन आहे.
मी म्हणालो, इथे मच्छीमारांचं फायबर लागेल, चालतंय का बघ.
आमच्या दोघांच्या इंग्रजीला
एकमेकांची दया आली.

दुशान त्याचं नाव. स्लोव्हाक.
रिफायनरीत पंप बसवायला दोन वर्षांसाठी धाडलेला.
गावच्या नदीचं नाव वाह.
खरंच, वाह.
दोन दिवस मी समजत होतो
माझ्या कामाला दाद देतोय.

नवव्या वर्षापासून गुडघ्यांवर.
या होडीत तसंच बसतात. मांडी नाही, पाय लांब नाहीत,
वल्ह्याला पातं एकच
आणि वर तारेवरून लोंबणाऱ्या काठ्या.
हिरव्या जोडीतून प्रवाहासोबत उतरायचं,
तांबडीतून उलट वर चढायचं.
दार चुकलं तर पन्नास सेकंद दंड,
काठीला शिवलं तर दोन.
शिवलं की दंड,
हे कॉलनीतल्या पोरांना
समजावून सांगावं लागलं नाही.

एकवीस वर्षं खेळला.
एकदा युरोपात तिसरा. एकदा जगात चौथा
आणि त्याच वर्षी देशात दुसरा.
ऑलिंपिकला एका देशाची एकच होडी.
जी गेली ती त्याच्याच गल्लीतल्या मित्राची,
ज्याच्या लग्नात हा पहाटेपर्यंत नाचला होता.
निवडीच्या शर्यतीत, सतराव्या दाराशी,
डाव्या काठीला याचं जाकीट शिवलं.
हात नाही, जाकीट.
दाखवलं त्याने मला, काखेखाली, इथे.
इतकी वर्षं झाली,
बोलता बोलता अजून तिथेच खाजवतो.

आपल्याकडे गुडघे टेकले म्हणजे माणूस हरला,
हे मी त्याला सांगितलं, अर्धं हातवाऱ्यांनी.
तो बराच वेळ हसला.
मग पँट वर सरकवली:
काळे घट्टे, उंटाला असतात तसे.
मी माझे दाखवले,
बत्तीस वर्षं फायबर घासलेले.
हिराजीमामा जाळं सांधत होता, म्हणाला,
झालं? आता लंगोट पण दाखवा एकमेकांना.

चीर पाच दिवसांत बुजवली.
पॉलिशचे पैसे घेतले नाहीत. बाकीचे घेतले.

मग उधाणाच्या ओहोटीला,
पुलाखालून पाणी पिसाळून निघतं तिथे,
त्याने खांबाखांबांतून नायलॉन ताणलं,
बांबूच्या सहा जोड्या टांगल्या.
रंग माझ्याकडचा, होड्यांचा उरलेला.
खाली काळं पाणी, तेलाची साय, एक चप्पल,
निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी.

पहिल्या तांबड्या दाराशी
खाडी त्याला समुद्राकडे ओढत होती.
खांबाच्या पाठीमागे पाणी थबकतं, गोल फिरतं,
तिथे त्याने होडीचं नाक खुपसलं
आणि चढला.
इंजिन नाही, शीड नाही.
मामाने जाळं खाली ठेवलं.

ती पिशवी टोकावर अडकून
सगळ्या दारांतून त्याच्यासोबत फिरली.
कुणी कुणाला वाहिलेली फुलं होती कुणास ठाऊक.

निजापांची चैताली मोबाइलवर वेळ लावत होती, इयत्ता सातवी.
ती ओरडली, शिवलं! पाचव्याला!
तो म्हणाला, नो.
ती म्हणाली, कोपर. मी बघितलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मीही बघितलं होतं.
मी रंगाच्या डब्याचं झाकण लावत राहिलो.

वल्हं आडवं ठेवून तो थोडा वेळ
पाणी नेईल तसा गेला.
मग पाठमोराच, हात वर करून
दोन बोटं दाखवली.

चैतालीने दोन मिळवले.
आता भांग लागेल, पाणी मंद असेल.
पुढच्या अमावास्येपर्यंत
बांबू माझ्या शेडमध्ये, आडव्या तुळईवर.
येता-जाता डोक्याला शिवतात.